चांदी मॉस आणि त्याचे दूरदेशीचे सोयरे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस झाला की गच्चीच्या कोपऱ्यांचे आणि फरसबंदीच्या फटींचे फोटो येऊ लागतात. त्यामागोमाग तेच ते प्रश्न येतात. एकच मॉस पुण्यात, स्पेनमध्ये आणि अंटार्क्टिकात कसं सापडतं? त्यांचं आपसात नातं काय? दर वर्षी नव्याने उत्तरं लिहिण्याचा कंटाळा आला, म्हणून हे एका जागी. जिथे दोन उत्तरं एकमेकांत घुसतात, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॉस म्हणजे शेवाळच ना?

बोलीभाषेत हो, शास्त्रात नाही. विहिरीतल्या हिरव्या तंतूंना, निसरड्या पायऱ्यांवरच्या बुळबुळीत थराला आणि भिंतीवरच्या मखमलीला आपण सरसकट शेवाळ म्हणतो. पहिली दोन बहुधा शैवलं असतात. मखमल मात्र मॉसची, म्हणजे परिभाषेतल्या हरितांची. मॉसला खोडासारखा दांडा असतो आणि इवलीशी पानं असतात. खरी मुळं नसतात, फूल नाही, बीही नाही. फुलाबियांऐवजी बीजाणू असतात, आणि या पानावरची निम्मी गोष्ट त्या बीजाणूंचीच आहे.

२. तुम्ही सारखं ‘चांदी मॉस’ म्हणता ते नेमकं कोणतं? आपल्याकडे आहे का?

आहे, आणि बहुधा तुम्ही रोज त्याच्यावर पाय देऊन जाता. शास्त्रीय नाव ब्रायम अर्जेंटियम. लॅटिनमध्ये ‘अर्जेंटम’ म्हणजे चांदी. याच्या पानाच्या वरच्या भागातल्या पेशींत हरितद्रव्य नसतं, त्यामुळे सुकल्यावर उशीसारखे छोटे पुंजके रुपेरी, राखाडी-पांढरे दिसतात. पाणी शिंपडलं की काही क्षणांत हिरवी झाक येते.

सिमेंटचा कठडा, पन्हळीखालची जागा, पेव्हर ब्लॉकमधली फट हे त्याचे आवडते पत्ते. माणसाच्या वस्तीजवळ ते सुखाने राहतं, धूळ, ऊन, तुडवणं सगळं सोसतं. उत्तर अमेरिकेत गोल्फची मैदानं राखणारे लोक त्याला वैतागलेले असतात. जगातल्या प्रत्येक खंडावर त्याची नोंद आहे आणि अंटार्क्टिकाही त्यात आला. दूरच्या वस्त्यांचं नातं तपासायला म्हणूनच ते सोयीचं पडतं.

३. ‘जनुकीय नातं’ मोजतात म्हणजे काय करतात?

वेगवेगळ्या ठिकाणांहून चिमूट-चिमूट मॉस आणायचं, त्यातून डीएनए काढायचा आणि त्याचे ठरावीक तुकडे वाचून एकमेकांशी ताडून पाहायचे. तुकडा कोणता निवडला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. चांदी मॉससाठी केंद्रकातला ‘आयटीएस’ नावाचा पट्टा बराच वापरला गेला आहे. तो प्रथिनं बनवण्याच्या कामात थेट नसतो, म्हणून त्यात बदल साठत जातात. लाखो वर्षांचा इतिहास वाचायला तो बरा. एका खोऱ्यातल्या दोन पुंजक्यांमधला फरक हवा असेल, तर मायक्रोसॅटेलाइट नावाच्या, फार भराभर बदलणाऱ्या खुणा लागतात. आडनावावरून घराणं कळतं, सख्खा भाऊ की चुलत ते कळत नाही, तसंच हे.

मॉसच्या बाबतीत आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, कारण प्रश्न ९ तिच्यावरच उभा आहे. आपल्या बहुतेक सगळ्या पेशींत गुणसूत्रांचे दोन संच असतात, आईचा एक, वडिलांचा एक. मॉसचं जे हिरवं रोप आपल्याला दिसतं त्यात सहसा एकच संच असतो. ते एकगुणित असतं. दोन संच फक्त त्याच्या डोक्यावर उगवणाऱ्या दांडी-बोंडीत, म्हणजे बीजाणूकोश धरणाऱ्या भागात असतात. अभ्यासकाला याचा मोठा फायदा होतो. कोणता बदल कोणत्या संचावर आहे हा गुंता सोडवावाच लागत नाही, जे आहे ते समोर दिसतं.

४. मुळं नाहीत, बी नाही, मग हजारो किलोमीटर जातं कसं?

मुख्यतः वाऱ्याने. चांदी मॉसचा बीजाणू १० मायक्रॉनच्या आसपास असतो. माणसाचा केस याच्या कितीतरी पट जाड. एवढी हलकी गोष्ट एकदा वर उचलली गेली की खाली यायची घाई करत नाही.

पण वर थंडी असते, कोरडेपणा असतो, अतिनील किरण असतात. नेदरलँड्सचे अभ्यासक व्हॅन झांटेन यांनी १९७० च्या दशकात न्यूझीलंडमधल्या मॉसचे बीजाणू वाळवून, गोठवून पाहिले. ज्या जाती इतर खंडांवरही सापडतात त्यांचे बीजाणू हे हाल जास्त सोसतात आणि फक्त न्यूझीलंडपुरत्या असलेल्या जातींचे कमी, असा कल दिसला. प्रवासाची पात्रता म्हणजे नुसता हलकेपणा नव्हे, तग धरणंही आलं.

बीजाणूंखेरीज तुटलेले शेंडेही प्रवास करतात. चांदी मॉसचा शेंडा सहज तुटतो, आणि ओल मिळाली की त्यातून नवं रोप धरतं. मातीला, बुटाला, चाकाला चिकटून तो जातो, पण हा प्रवास बहुधा जवळचा. पक्ष्यांचा मामला वेगळा आहे, त्यासाठी प्रश्न १२ पाहा.

५. वारा सगळीकडे वाहतो. मग जगभरच्या वस्त्या एकसारख्याच का नाहीत?

वारा सगळीकडे वाहतो, पण सगळ्या दिशांना सारखा वाहत नाही. २००४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात स्पॅनिश अभ्यासकांच्या पुढाकाराने एक सुंदर काम आलं. दक्षिण गोलार्धातली बेटं आणि किनारे घेतले, त्यांच्यातले वारे उपग्रहाच्या नोंदींवरून काढले, आणि कोणत्या दोन ठिकाणच्या वनस्पतींत जास्त साम्य आहे ते पाहिलं. मॉस, यकृतका (मॉसच्या नात्यातल्या छोट्या वनस्पती), दगडफूल आणि नेचे यांच्या बाबतीत नकाशावरच्या अंतरापेक्षा वाऱ्याची जोडणी साम्य जास्त चांगलं सांगत होती. म्हणजे शेजारचं बेट परकं निघू शकतं आणि वाऱ्याच्या वाटेवरचं लांबचं बेट सोयरं.

शिवाय पोचणं वेगळं आणि रुजणं वेगळं. जागा आधीच भरलेली असेल तर नवा बीजाणू पडून काही होत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये दारात पोचलेल्या सगळ्यांना बसायला मिळतं का?

६. अंटार्क्टिकातलं चांदी मॉस शास्त्रज्ञांच्या बुटांवरूनच गेलं असणार, नाही का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न, आणि शंका रास्त आहे. अंटार्क्टिकात जाणाऱ्यांना बूट घासून, खिसे आणि वेल्क्रो व्हॅक्यूमने साफ करूनच उतरू देतात, ते याच भीतीने. तरीही चांदी मॉसच्या बाबतीत उत्तर ‘नाही’ असं आहे.

२०१४ मध्ये पिसा, बिअर्स्मा, कॉन्व्ही आणि सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकातले आणि जगभरातले चांदी मॉसचे नमुने आयटीएस पट्ट्यावरून ताडून पाहिले. त्यांच्यासमोर दोन शक्यता होत्या. शेवटचं हिमयुग ओसरल्यावर बाहेरून नवं मॉस आलं असेल, किंवा हिमयुगांतूनही ते तिथेच टिकून राहिलं असेल. पहिली शक्यता खरी असती तर अंटार्क्टिकातले नमुने बाहेरच्या एखाद्या वस्तीशी अगदी मिळतेजुळते निघाले असते.

तसं झालं नाही. अंटार्क्टिकातले नमुने एका कुटुंबाचे नव्हतेच, किमान तीन वेगवेगळ्या वेळी तीन वेगळी घराणी तिथे येऊन वसल्याचं दिसलं. सगळ्यात जुन्या घराण्याचं आगमन सुमारे चाळीस लाख वर्षांपूर्वीचं, सगळ्यात नव्याचं सुमारे पाच लाख वर्षांपूर्वीचं. अंटार्क्टिका माणसाच्या नजरेला पडली १८२० मध्ये. बुटांना दोष देण्याची सोय राहत नाही. ही घराणी वसल्यानंतर अनेक हिमयुगं आली आणि गेली. मॉस अंटार्क्टिकातच हिमयुगांमधून टिकलं याचा हा पहिला पुरावा मानला गेला.

याचा अर्थ पुढे कुणी बुटावरून नेणारच नाही असा नव्हे. बाहेरचं घराणं आत आलं आणि जुन्यात मिसळलं तर चाळीस लाख वर्षांची ही नोंदच पुसट होईल. भारताची मैत्री आणि भारती ही स्थानकं बर्फमुक्त खडकाळ जागांवर आहेत, मैत्री शिर्माकर ओॲसिसमध्ये आणि भारती लार्समन हिल्समध्ये. मॉसला हव्यात त्याच या जागा. गोव्यात वास्को इथल्या ध्रुवीय संशोधन केंद्राकडून या मोहिमा चालतात, त्यामुळे बूट घासण्याचा हा कंटाळवाणा नियम आपल्या माणसांनाही लागू आहे.

७. पण सगळा खंड बर्फाखाली असताना ते जगलं कुठे?

सगळा खंड एकाच वेळी पूर्ण झाकला गेला नसावा. उंच सुळके, वाऱ्याने बर्फ उडवून नेलेले कडे, किनाऱ्यावरच्या थोड्या उघड्या जागा, आणि ज्वालामुखींची ऊबदार जमीन. माउंट एरेबसच्या वाफाळत्या जमिनीवर आजही मॉस वाढतं, सभोवार गोठलेलं असताना. माझ्या मते अंटार्क्टिकातलं सर्वांत विलक्षण दृश्य पेंग्विनांचं नाही, हे आहे.

मॉसची चिकाटीही मोजून पाहिलेली आहे. २०१४ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी सिग्नी बेटावरच्या गोठलेल्या थरांतून कोरिसोडोन्शियम ॲसिफायलम या मॉसचा गाभा काढला. दीड हजार वर्षांहून जुन्या थरातून, उजेड आणि ऊब दिल्यावर, नवे कोंब फुटले. त्याच्या आदल्या वर्षी कॅनडातल्या एल्समीअर बेटावर, मागे सरकणाऱ्या हिमनदीखालून निघालेलं सुमारे चारशे वर्षांचं मॉस पुन्हा वाढल्याचं प्रसिद्ध झालं होतं. दीड हजार वर्षं म्हणजे अख्खं हिमयुग नव्हे, हे खरं. पण उघड्या जागा सरकत राहिल्या तरी मधला काळ झोपून काढता येतो, एवढं यातून कळतं.

८. खंड फुटले तेव्हाच या वस्त्या वेगळ्या झाल्या असतील ना? गोंडवन वगैरे?

पूर्वी असंच मानत. दक्षिण अमेरिका, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात एकच जात दिसली की गोंडवनाचं, म्हणजे दक्षिणेकडचे खंड एकत्र होते त्या प्राचीन महाखंडाचं, नाव घेतलं जाई. पण एका जातीतल्या वस्त्यांमधला डीएनएचा फरक बहुतेक वेळा त्या काळाच्या मानाने फारच थोडा निघतो. खंड कोटी-कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले, वस्त्यांमधली फारकत लाखांत किंवा फार तर काही दशलक्षांत. वंशांच्या, कुळांच्या पातळीवर गोंडवन अजून चर्चेत येतं, जातीच्या पातळीवर क्वचितच.

९. दोन दूरच्या ठिकाणचे नमुने शंभर टक्के सारखे निघाले. म्हणजे तुकडे करून पसरलेला एकच क्लोन?

थांबा. आधी विचारा, कोणत्या खुणांवर सारखे? आयटीएस सारखा निघणं म्हणजे आडनाव सारखं निघणं (प्रश्न ३). ये-जा अजून चालू आहे असंही त्यावरून म्हणता येत नाही, पूर्वजाकडून आलेला पट्टा दोन्हीकडे न बदलता राहिलेला असू शकतो.

भराभर बदलणाऱ्या खुणांवरही सारखे निघाले, तरी क्लोन म्हणजे तुटलेले तुकडे असंच नाही, आणि इथे मॉसची खरी गंमत आहे. स्फॅग्नम सबनायटेन्स या जातीचं उदाहरण घ्या. स्फॅग्नम म्हणजे ऑर्किड लावणारे ज्यात मुळं गुंडाळतात त्या वाळक्या मॉसचं घराणं. वायव्य अमेरिकेत, ओरेगनच्या किनाऱ्यापासून अल्यूशन बेटांच्या पश्चिम भागातल्या कवाल्गा बेटापर्यंत ही जात आहे. अंतर ४११५ किलोमीटर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३२१४ किलोमीटर आहे, त्यावरून अंदाज करा. २०११ मध्ये कार्लिन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या सगळ्या पट्ट्यातली तपासलेली रोपं जनुकीयदृष्ट्या एकच आहेत. सगळा ठेवा एकाच एकगुणित पालकाकडून आलेला.

हे कसं झालं? या जातीत एकाच रोपावर नर आणि मादी दोन्ही अवयव येतात. रोपात गुणसूत्रांचा एकच संच, त्यामुळे त्याच्या नरपेशी आणि अंडपेशी दोन्ही हुबेहूब एकसारख्या. त्यांचं मीलन झालं की दोन्ही संच तेच. त्यातून पुन्हा बीजाणू बनताना फेरवाटप होतं, पण पत्त्यांच्या कॅटमध्ये सगळेच पत्ते बदामाची राणी असतील तर पिसून काय होणार? लाखो बीजाणू बाहेर पडतात आणि प्रत्येक जण पालकाची नक्कल. विधी सगळा लैंगिक, निकाल क्लोनचा. आंबा स्वपरागित केला तर एका पिढीत असं होत नाही, मॉसमध्ये होतं.

न्यूझीलंडमधल्या याच जातीच्या नमुन्यांतही सगळं फक्त दोन एकगुणित पालकांकडून आलेलं निघालं. म्हणजे दोन दूरच्या जागा, एकीकडे एकच संस्थापक, दुसरीकडे दोन.

चांदी मॉसला हा मार्ग बंद आहे. त्याची नर आणि मादी रोपं वेगळी असतात. एकटा बीजाणू कुठे पोचला तर एकाच लिंगाची वस्ती होते, आणि जोडीदार येईपर्यंत ती शेंड्यांवरच वाढते.

१०. मग एखाद्या वस्तीत भरपूर विविधता दिसली तर तिथे लैंगिक पुनरुत्पादन होत असणार, हे तरी खरं ना?

हेही नाही. हवाईतलं स्फॅग्नम पालुस्ट्रे बघा. या जातीतही नर-मादी वेगळे. हवाईत त्याला बीजाणूकोश धरलेले सापडत नाहीत. तिथल्या सगळ्या नमुन्यांत एक अशी जनुकीय खूण आहे जी इतरत्र विरळ आढळते, म्हणून सगळे एकाच संस्थापकाचे वंशज असावेत असा निष्कर्ष निघाला. संस्थापक आला सुमारे ४९ ते ५१ हजार वर्षांपूर्वी. तेव्हापासून ही वस्ती फक्त फांद्या-शेंड्यांनी वाढत आली आहे.

आणि तरीही तिथली विविधता दुसरीकडच्या मोठ्या वस्त्यांच्या तोडीची भरली. पेशी विभागताना होणारे बारीक बदल पन्नास हजार वर्षं साठत राहिले तर एवढं होऊ शकतं. हे काम २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. लिंगाविना वाढणारी वस्ती म्हणजे उत्क्रांतीची आंधळी गल्ली, हे आमच्या पिढीला शाळेत शिकवलेलं वाक्य त्या दिवशी मी मनातून खोडलं.

११. जितकी वस्ती एकटी, दूरची, तितकी विविधता कमी. हे तर पाठ्यपुस्तकातलं आहे!

प्राण्यांना ते पुष्कळदा लागू पडतं. बीजाणूंच्या बाबतीत उलटंही होऊ शकतं. मोठ्या वस्तीच्या अगदी जवळ पडणारे बीजाणू बहुतेक त्याच वस्तीचे असतात. जसजसं दूर जावं तसतसे कुठल्याच एका वस्तीचे बीजाणू वरचढ राहत नाहीत. थोडे थोडे सगळीकडचे पडतात, आणि दूरच्या जागी मिश्रण वाढतं. या कल्पनेला ‘उलट्या विलगतेची कल्पना’ म्हणता येईल, स्फॅग्नमवर तिची तपासणी झाली आहे. अर्थात हे तिथवर लागू, जिथवर बीजाणू पुरेशा संख्येने पोचतात. हवाईसारख्या टोकाच्या जागी एखादाच पोचतो आणि मग प्रश्न १० मधली गोष्ट घडते.

१२. उत्तर ध्रुवाकडची जात दक्षिण टोकाला आहे आणि मधे कुठेच नाही. वारा विषुववृत्त ओलांडतो का?

सहजासहजी नाही. दोन्ही गोलार्धांच्या हवेत देवाणघेवाण होते, पण ती मंद असते, आणि विषुववृत्ताजवळच्या पावसात पुष्कळ काही धुऊन खाली येतं. म्हणूनच अशा जोड्या अभ्यासकांना गूढ वाटत आल्या आहेत.

सर्वांत अडचणीचं उदाहरण टेट्राप्लोडॉनचं. हे शेणावर, हाडांवर, मेलेल्या जनावरावर वाढणारं मॉस आहे. त्याचे बीजाणू चिकट असतात आणि माश्या ते एका शेणावरून दुसऱ्यावर नेतात. म्हणजे वाऱ्याचं गणित इथे जवळपास बाद. तरी उत्तर गोलार्धातल्या त्याच्या घराण्याची एक शाखा थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाला आहे. लुईस, रोझी आणि गॉफिनेट यांनी २०१४ मध्ये डीएनएवरून मांडलं की अँडीज पर्वतातून टप्प्याटप्प्याने उतरून नव्हे, तर एका थेट लांब उडीत ती तिथे पोचली, काही दशलक्ष वर्षांपूर्वी. उडी मारणारा कोण? त्याच वर्षी लुईस आणि सहकाऱ्यांनी आर्क्टिकमध्ये घरटी करून दक्षिणेकडे जाणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांतून मॉससारख्या वनस्पतींचे सूक्ष्म अंश शोधून काढले. अशा पक्ष्यांत आपल्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात येणाऱ्या सोनचिखल्याचा अमेरिकन भाऊबंदही आहे. हा एखाद्या ठरावीक उडीचा पुरावा नाही, वाहन उपलब्ध आहे याचा पुरावा आहे.

१३. नाव एक म्हणजे जात एक, एवढं तरी गृहीत धरावं का?

धरू नये. मॉसला दाखवायला अवयवच थोडे, त्यामुळे डोळ्यांना सारखी दिसणारी दोन रोपं आतून निराळी असू शकतात. स्फॅग्नम मॅजेलॅनिकम हे लालसर मॉस दोन्ही गोलार्धांत पसरलेली एक जात म्हणून वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. डीएनए पाहिल्यावर ते फुटलं. नाव मॅजेलनच्या सामुद्रधुनीवरून, म्हणून मूळ नाव दक्षिण अमेरिकेकडे राहिलं. उत्तरेकडच्या रोपांना २०१८ मध्ये दोन नावं मिळाली. मीडियम हे जुनं नाव पुन्हा वापरात आलं आणि डिव्हायनम हे नवं दिलं गेलं. जिला आपण ‘दूरच्या वस्त्यांमधलं नातं’ समजत होतो, ती तीन जातींची तुलना होती.

१४. चाळीस लाख, पाच लाख हे आकडे कितपत खरे मानायचे?

हाताच्या घड्याळासारखे नाही. रेणवीय घड्याळ, म्हणजे डीएनएतल्या बदलांच्या वेगावरून काळ काढण्याची पद्धत, लावायला एखादा पक्की तारीख असलेला जीवाश्म लागतो, आणि नाजूक मॉसचे जीवाश्म थोडे. मग बदलाचा वेग दुसऱ्या वनस्पतींकडून उसना घ्यावा लागतो, आणि उत्तराला मागेपुढे बरीच मोकळीक ठेवावी लागते.

मी स्वतः अशी तपासणी करतो: आकडा दहा पटीने चुकला असं धरलं तर निष्कर्ष कोसळतो का? अंटार्क्टिकातल्या सगळ्यात नव्या घराण्याचे पाच लाख दहाने भागले तर पन्नास हजार. शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी. तरीही मॉस त्याच्या आधीच पोचलेलं राहतं. प्रश्न ६ मधलं उत्तर इथे टिकतं. मात्र ‘तीनच आगमनं’ हा आकडा जास्त कच्चा आहे, म्हणूनच त्याच्यामागे ‘किमान’ लागलं आहे. आणखी जागांचे नमुने आले तर तो वाढेल.

१५. माझ्या गच्चीवरचं मॉस पाठवलं तर ते मूळ कुठून आलं ते सांगाल का?

नाही सांगता येणार. एका पुंजक्याचा पट्टा वाचून तो कोणत्या घराण्यात बसतो एवढं कळेल, पण गच्चीवर तो विटांबरोबर आला, कुंडीतून आला की वाऱ्याने, हे त्यात लिहिलेलं नसतं. शिवाय एकाच पुंजक्यात दोन-तीन वेगळी रोपं गुंतलेली असणं अगदी सर्रास. तो नमुना न निवडता वाचला तर मिश्रणच हाती येतं.

नमुना जपायचाच असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, बुरशी येते. माती झटकून वर्तमानपत्रावर सावलीत वाळवा आणि कागदाच्या घडीच्या पाकिटात ठेवा. पाकिटावर पेन्सिलने तारीख, गाव, उंची आणि ते कशावर वाढलं होतं ते लिहा, म्हणजे सिमेंट, जांभा, बसाल्ट की साल. वाळलेलं मॉस वर्षानुवर्षं टिकतं आणि त्यातून डीएनएही काढता येतो. अभयारण्यातून किंवा संरक्षित जंगलातून मात्र चिमूटभरही आणू नका, तिथे परवानगी लागते. आणि फोटो पाठवताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. नुसत्या हिरव्या चौकोनावरून मला काही ओळखता येत नाही.